राखीव कोपरा ठेवायचा की मोकळा करायचा?

२५६ जीबीचा म्हणून घेतलेला लॅपटॉप घरी आणून उघडला की पहिला धक्का आकड्यांचा बसतो. विंडोज २३८ जीबीच दाखवतं. उरलेले १८ कुठे गेले हे शोधत माणूस डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्यापर्यंत पोचतो, आणि तिथे त्याला अक्षर नसलेले, उघडता न येणारे दोन-तीन तुकडे दिसतात. त्यातल्या एकावर ‘रिकव्हरी पार्टिशन’ लिहिलेलं असतं. चोर सापडला असं वाटतं. पण ते १८ जीबी कुणीच घेतलेले नाहीत. डिस्क बनवणारा १०० कोटी बाइटांना एक जीबी म्हणतो, तर विंडोज १०७ कोटी ३७ लाख बाइटांना. फरक मोजण्याचा आहे. रिकव्हरी पार्टिशनने घेतलेली जागा या हिशेबाच्या बाहेर, वेगळीच.

ती जागा परत मिळवावी का, हा प्रश्न रत्नागिरीत बऱ्याच लोकांना पडतो. फिनोलेक्स अकादमीत किंवा शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारी मुलं, शाळेची सगळी ऑनलाइन माहिती एकाच लॅपटॉपवर भरणारे जिल्हा परिषदेचे शिक्षक, गावोगावचे आपले सरकार सेवा केंद्रचालक, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणारे बागायतदार, हे सगळे त्यात आले. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की सल्ला मागितला जातो. एक जण सांगतो, “उडवून टाका, काही काम नाही त्याचं.” दुसरा सांगतो, “त्याला हात लावू नका, लॅपटॉप सुरूच होणार नाही.” दोघेही ठामपणे बोलतात, पण तुमच्या यंत्रात नेमकं कोणतं पार्टिशन आहे हे कुणी विचारत नाही. उत्तर तर सगळं त्यावरच अवलंबून आहे.

रिकव्हरी या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी राहतात. पहिली मायक्रोसॉफ्टची. साधारण ५०० एमबी ते १ जीबी एवढ्या जागेत एक छोटं दुरुस्तीचं विंडोज असतं. मुख्य विंडोज दोन-तीनदा सुरू होता होता कोसळलं की जी निळी पाटी येते, ‘ट्रबलशूट’, ‘स्टार्टअप रिपेअर’, ‘सेफ मोड’ वगैरे पर्याय देणारी, ती इथून येते. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ही सोय आहे. दुसरी गोष्ट लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची. तिला १० ते २५ जीबी लागतात, कारण तिच्यात कारखान्यातून निघालेलं अख्खं विंडोज, त्या मॉडेलचे ड्रायव्हर आणि सोबत आलेले नको-हवे ते सगळे प्रोग्राम भरलेले असतात. एचपीच्या जुन्या लॅपटॉपांत हीच ‘रिकव्हरी डी’ नावाने समोर दिसायची, कायम भरलेली. लोक तिच्यात लग्नाचे फोटो टाकायला जात आणि जागा संपल्याची सूचना आली की घाबरत.

हा मोठा राखीव भाग आला कुठून, हे कळलं की त्याची आजची किंमतही कळते. नव्वदच्या दशकात संगणकासोबत सीडी मिळायची. पुढे कंपन्यांनी तो खर्च वाचवला आणि सीडीतला मजकूर गिऱ्हाइकाच्याच डिस्कवर एका कोपऱ्यात लपवून ठेवला. एचपीत एफ-११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ-१०, असूसमध्ये एफ-९, लेनोव्होत पिनेने दाबायचं बारीक बटण, अशा त्या कोपऱ्याच्या किल्ल्या होत्या. सीडी हवी असेल तर स्वतः रिकाम्या डीव्हीडी आणून बनवा, असं सांगितलं जायचं. ज्यांनी त्या बनवल्या नाहीत, आणि बहुतेकांनी बनवल्या नाहीत, त्यांच्या दृष्टीने त्या काळी तो कोपरा खरोखर मोलाचा होता. विंडोज दुसरीकडून आणायची अधिकृत सोय सामान्य माणसाकडे नव्हती आणि परवान्याचा क्रमांक लॅपटॉपच्या पोटावरच्या चिकटपट्टीवर असायचा. तिची अक्षरं कोकणातल्या घामाने आणि दमट हवेने वर्षा-दोन वर्षांत पुसट होत.

ते दोन्ही अडसर आता गेले आहेत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, परवान्याची किल्ली कंपनीच मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून ठेवते. सगळी डिस्क पुसली तरी ती जात नाही, आणि त्याच आवृत्तीचं विंडोज पुन्हा टाकलं की इंटरनेटला जोडताच ते स्वतःहून कार्यान्वित होतं. विंडोज १० आणि ११ मायक्रोसॉफ्ट स्वतः उतरवू देतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मीडिया क्रिएशन टूल असलं की झालं. २०२० च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ‘रिसेट’ करताना ‘क्लाउड डाउनलोड’ हा पर्यायही मिळतो. तो चार जीबी किंवा त्याहून जास्त डेटा खेचून ताजं विंडोज बसवतो. कंपनीची कारखान्यातली प्रतही डेल, एचपी, लेनोव्हो आपापल्या साधनांतून बऱ्याच मॉडेलांसाठी पेनड्राइव्हवर उतरवू देतात. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ८ मध्ये रिकव्हरी ड्राइव्ह तयार झाल्यावर शेवटी ‘आता डिस्कवरचं पार्टिशन काढून टाकायचं का’ असं विचारायची सोय ठेवली होती. म्हणजे ते काढणं हा अपराध कधीच नव्हता. अट एवढीच होती की आधी प्रत बाहेर निघालेली हवी.

मुलांनी हे पार्टिशन उडवण्याचं एक खास कारण मधल्या काळात होतं, आणि ते आजही सल्ल्यांत रेंगाळतं. विंडोज ७ च्या दिवसांत डिस्कची जुनी मांडणी फक्त चारच मुख्य पार्टिशनं मानायची. एचपीचे लॅपटॉप ती चारही भरून यायचे: सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि एचपी टूल्स. शेजारी उबुंटू टाकायचं तर एकाचा बळी देणं भाग होतं, आणि तो रिकव्हरीचा जायचा. अभियांत्रिकीच्या मुलांनी तो निमूट दिला. आजच्या जीपीटी मांडणीत विंडोज १२८ पार्टिशनं मानतं. ते कारण संपलं, तरी सल्ला मागे उरला.

आता जागेचा हिशेब. छोटं पार्टिशन काढून मिळणार जेमतेम अर्धा-पाऊण जीबी. मोठं काढून १५ जीबी मिळतात, पण ते सी ड्राइव्हला जोडता येतीलच असं नाही. विंडोजचं स्वतःचं साधन सी ड्राइव्हला त्याच्या लगेच उजवीकडची मोकळी जागाच जोडू देतं. मोकळी झालेली जागा सीच्या डावीकडे असली, किंवा मध्ये दुसरं पार्टिशन असलं, तर ती काळी पट्टी नुसती पडून राहते. मग कुणीतरी बाहेरचा पार्टिशन सरकवणारा प्रोग्राम सुचवतो. चालू डिस्कवर पार्टिशन सरकवताना लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी थकलेली असली, तर पुढचं सांगायला नको. रत्नागिरीत वळवाच्या आणि परतीच्या पावसात असलं काम काढूच नये, असं मी कळकळीने सांगेन.

तेवढीच जागा कमी धोक्यात मिळते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं जुनं विंडोज दहा दिवस पडून असतं आणि ते सहज दहा-पंधरा जीबी खातं. हायबरनेशनची फाइल बंद केली तर रॅमच्या ४० टक्क्यांच्या आसपास जागा सुटते. व्हॉट्सअ‍ॅपने लॅपटॉपवर उतरवलेले व्हिडिओ आणि फोनमधून दोन-दोनदा कॉपी केलेले फोटो बऱ्याच घरांत यापेक्षाही मोठे निघतात. सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज’ पान पाच मिनिटं पाहिलं की पार्टिशनचा विषय अर्ध्या लोकांपुरता संपतो.

काही यंत्रांत मात्र रिकव्हरी पार्टिशन काढणंच घातक ठरलं. २०१४ मध्ये विंडोज ८.१ च्या अपडेटसोबत ३२ जीबीच्या स्वस्त लॅपटॉपांसाठी ‘विमबूट’ नावाची युक्ती आली. जागा वाचवण्यासाठी विंडोज रिकव्हरीतल्या दाबून बसवलेल्या प्रतीवरूनच चालायचं आणि सी ड्राइव्हवर फक्त त्या प्रतीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा असायच्या. अशा यंत्रातली रिकव्हरी काढली की चालू विंडोजच नाहीसं होतं. तसला जुना छोटा लॅपटॉप घरात असेल तर त्याच्यापुरता ‘हात लावू नका’ हाच सल्ला शब्दशः खरा आहे.

छोटं दुरुस्तीचं विंडोज किती उपयोगाचं, याचा जगभर पुरावा मिळाला तो १९ जुलै २०२४ ला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकवली. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची वेळ आली. बहुसंख्य यंत्रं उठली ती कुणीतरी प्रत्येकापुढे बसून याच रिकव्हरीच्या वाटेने सेफ मोडमध्ये शिरलं आणि ती एक फाइल काढली म्हणून. ज्यांच्या डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या त्यांना आधी ४८ आकडी किल्ली शोधावी लागली. घरच्या लॅपटॉपलाही हे लागू आहे, कारण नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. ती किल्ली त्याच खात्यात जमा असते, आणि खात्याचा पासवर्ड कधीकधी दुकानदारानेच ठरवलेला असतो. पार्टिशनला हात लावण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घेणं हे पहिलं काम.

पण या सोयीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी एक सुरक्षा अपडेट दिलं, आणि ते असंख्य यंत्रांवर बसेचना. कारण काय, तर रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या मांडणीने ती ठेवली नव्हती. सामान्य लोकांना काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून पार्टिशन मोठं करायला सांगितलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटने याहून वाईट केलं. दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचा माउस आणि कीबोर्डच चालेनात, आणि सुधारलेलं अपडेट यायला जवळजवळ आठवडा गेला. दुरुस्तीची सोय स्वतःच बिघडू शकते, म्हणून बाहेरचा पेनड्राइव्ह हवाच. पार्टिशन ठेवा अगर काढा, यातून सुटका नाही.

आता रत्नागिरीपुरता हिशेब मांडतो, कारण पुण्यात बसून दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. पुण्यात विंडोज कोसळलं तर फायबरवरून अर्ध्या तासात नवं उतरतं. संगमेश्वर किंवा राजापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत चार-पाच जीबी उतरवणं म्हणजे रेंज मिळेल तिथे, सड्यावर जाऊन बसणं. कंपनीच्या सेवाकेंद्रासाठी लॅपटॉप अनेकदा कोल्हापूरकडे जातो, आणि पावसाळ्यात आंबा घाटाचा भरवसा नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली आणि मंडणगडच्या गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. अशा ठिकाणी डिस्कवर तयार असलेली, इंटरनेट न मागणारी प्रत ही चैन नाही. खेड्यात राहणाऱ्या माणसाने १५ जीबींसाठी ती घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शहरात, मारुती मंदिर किंवा नाचण्याच्या बाजूला चांगलं इंटरनेट असलेल्या घरात, तिचा मोह ठेवण्याचं कारण उरत नाही.

आणखी एक तांत्रिक पण इथे फार छळणारी गोष्ट आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टकडून उतरवलेल्या पेनड्राइव्हने सुरुवात केली की विंडोजला डिस्कच दिसत नाही. डिस्कसाठीचा इंटेलचा ड्रायव्हर त्यात नसतो. तो हाताने द्यावा लागतो. त्यापुढे विंडोज ११ होम बसवताना इंटरनेट मागतं, आणि वायफायचा ड्रायव्हर नसल्यामुळे ते मिळत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं की गाडी पुढे सरकते. पण हे माहीत नसलेला माणूस तिथेच अडकतो. कंपनीच्या मोठ्या पार्टिशनात हे सगळे ड्रायव्हर आधीच असतात, आणि त्याची खरी किंमत त्यांच्यात आहे. त्यातलं विंडोज एव्हाना शिळं झालेलं असतं. २०१७ च्या लॅपटॉपमधली प्रत परत आणली तर २०१७ चं विंडोज येतं आणि मग दिवसभर अपडेट चालतात. म्हणून पार्टिशन काढायचं असेल त्याने डिस्कचा आणि वायफायचा असे दोन ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन त्याच पेनड्राइव्हवर ठेवावेत.

इथवर सगळा विचार विंडोजचा झाला, आणि मला खरी काळजी वाटते ती इथेच. रिकव्हरी पार्टिशनमध्ये तुमचं काहीही नसतं. मुलीच्या प्रोजेक्टचा अहवाल, वडिलांच्या आवाजातलं नमनाचं रेकॉर्डिंग, सातबाऱ्याचे स्कॅन, दहा वर्षांचा बागेचा हिशेब, यातला एकही बाइट त्या कोपऱ्यात नाही. त्यात जे आहे ते जगात कोट्यवधी ठिकाणी मिळतं. जे कुठेच मिळत नाही ते सी ड्राइव्हवर उघडं पडलेलं असतं. शिवाय दोन्ही एकाच डिस्कवर. एसएसडी बहुधा कुरकुर न करता एकाच दिवशी गप्प होते आणि तिच्याबरोबर राखीव कोपराही जातो. ‘रिकव्हरी’ या नावामुळे लोकांना वाटतं की आपल्या फाइलींची सोय झालेली आहे. उलट कारखान्याची प्रत परत आणताना सी ड्राइव्ह पुसला जातो आणि त्या फाइली जातात.

मूळ आणि प्रत एका छपराखाली असण्याची किंमत या जिल्ह्याने पाहिली आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली ग्रंथसंपदा भिजली. २००५ च्या पुरातही या ग्रंथालयाने नुकसान सोसलं होतं. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठे ना कुठे सापडू शकते. दुर्मिळ कागद एकदा गेला की गेला. त्याच दिवशी चिपळूणच्या दुकानांत आणि घरांत किती संगणक पाण्याखाली होते याचा विचार केला की पार्टिशनचा वाद फार लहान वाटू लागतो.

दुसरं उदाहरण मोठ्या दुनियेतलं, पण आपल्या किनाऱ्याला लागून गेलेलं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम मेर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीने पुढे सांगितलं की ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले. म्हणजे विंडोज पुन्हा टाकणं, तेही हजारोंनी, जमलं. अडलं ते एका गोष्टीवर. कोण वापरकर्ता, कुणाला कुठला अधिकार, हा सगळा नकाशा ज्या डोमेन कंट्रोलर सर्व्हरांवर होता, ते एकमेकांच्या प्रती होते आणि सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. इंटरनेटवरून ती प्रत पाठवायला फार दिवस लागले असते, म्हणून ती डिस्क माणसांनी हातोहात नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली. वीज जाणं आणि संथ इंटरनेट यांचं दुःख ज्यांना रोजचं आहे, त्या आपल्याला ही हकिकत जास्त कळायला हवी. जाळ्यापासून तुटलेली, दूरच्या गावातली एक प्रत शेवटी कामी आली.

ती सोय आपल्याकडे सहज आहे. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून घरची माणसं येतात आणि परत जातात. त्यांच्या पिशवीत एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क दिली, आणि पुढच्या सणाला ती परत आणून नवी कॉपी करून पुन्हा पाठवली, तर घरातल्या सगळ्या फाइलींची एक प्रत तीनशे किलोमीटर दूर, वेगळ्या पावसात आणि वेगळ्या वीजवाहिनीवर राहते. गुगल ड्राइव्ह असेल तर उत्तमच, पण त्याची फुकट जागा १५ जीबींची आहे, आणि वाडीवरून फोटोंचे गठ्ठे वर चढत नाहीत. हे एकदा लावून दिलं की रिकव्हरी पार्टिशनचा निर्णय शांतपणे घेता येतो.

तो निर्णय असा. अर्ध्या-एक जीबीचं छोटं पार्टिशन राहू द्या. त्यातून मिळणारी जागा नगण्य आहे आणि विंडोजचं मोठं अपडेट ते बऱ्याचदा पुन्हा तयार करतं. काही लॅपटॉपांत अशा अपडेटांमुळे दोन-तीन छोटी रिकव्हरी पार्टिशनं साठलेली दिसतात. त्यांतलं एकच चालू असतं. प्रशासकाच्या कमांड खिडकीत रीएजंट-सी ही आज्ञा माहिती विचारणाऱ्या रूपात दिली की चालू असलेल्याचा क्रमांक कळतो. बाकीची निरुपयोगी असली तरी ती काढण्याची घाई नको, क्रमांक वाचण्यात एक चूक झाली की चालू असलेलंच जातं. कंपनीचं मोठं पार्टिशन काढायचं असेल तर आधी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा, आणि त्यावरून लॅपटॉप एकदा खरोखर सुरू करून बघा. डिस्क दिसते का, कीबोर्ड चालतो का, हे त्या पडद्यावर तपासून मगच मागे या. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. न तपासलेला पेनड्राइव्ह असून नसल्यासारखा. डिस्क मॅनेजमेंट हे पार्टिशन काढू देत नाही, उजव्या क्लिकमध्ये फक्त ‘हेल्प’ दिसतं. कमांड खिडकीतल्या डिस्कपार्ट या साधनात जबरीची आज्ञा द्यावी लागते, आणि ती कोणतीही शंका विचारत नाही. आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक आणि पार्टिशनचा आकार दोघांनी वाचावा. पेनड्राइव्ह कपाटात ठेवून विसरू नये. दर वर्षी पावसाळ्याआधी तो नव्याने लिहून काढावा.

अ‍ॅपलच्या यंत्रांत हा खेळ करूच नये. एम मालिकेच्या चिपा असलेल्या मॅकमध्ये रिकव्हरी डिस्कच्या वेगळ्या भागात असते आणि ती बिघडली तर उठवायला दुसरा मॅक लागतो. रत्नागिरीत तो ऐन वेळी शेजारी सापडेल असं धरून चालू नये.

राहिले ते जुने लॅपटॉप, ज्यांची संख्या इथे मोठी आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलेल्यांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल चिपांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणजे त्यांच्या राखीव कोपऱ्यातली प्रत अशा विंडोजची आहे ज्याला पुढे कुणी वाली नाही. असा लॅपटॉप विकायचा किंवा भावाच्या मुलाला द्यायचा असेल तर पार्टिशन ठेवा आणि ‘रिसेट’ मधला ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा, म्हणजे तुमच्या फाइली त्याच्या हाती लागणार नाहीत. घरातच ठेवून लिनक्स मिंटसारखं काही टाकायचं ठरलं, आणि फाइलींची प्रत आधी दुसऱ्या ठिकाणी गेली असेल, तर सगळी डिस्क एकदम पुसून घ्या, रिकव्हरीसकट.